लेखणीवर चूल पेटते काय?

"मुलगा काय करतो?"

"लिहितो."

"ते झाले हो, पण करतो काय?"

लग्नाच्या बैठकीतला हा संवाद आपल्याकडे विनोद म्हणून सांगितला जातो आणि सारेजण दुसरा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थाला हसतात. वास्तविक हा गृहस्थ अरसिक मुळीच नसतो. त्याच्या घरी दिवाळीला चार अंक येतात, वाचनालयाची वर्गणी त्याने कधी थकवलेली नसते, आणि गणेशोत्सवातल्या व्याख्यानाला तो पहिल्या रांगेत बसतो. लेखकाबद्दल त्याला आदर असतो. लेखक जावई म्हणून मात्र नको असतो. कारण त्याला हिशेब येतो. घराचा हप्ता, सोसायटीचे मासिक देणे, मुलांच्या शाळेची फी ही सर्व मंडळी दर महिन्याला ठरल्या तारखेला दारात उभी राहतात, आणि मानधन मात्र "पाठवतो, पाठवतो" म्हणत वाटेत रेंगाळते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

मग ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या या पट्ट्यात नोकरी न करता, स्वतःच्या लेखणीवर एखाद्या मध्यमवर्गीय माणसाला संसार चालविता येतो काय? 'फ्रीलान्स' हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. आपण त्याला मुक्त लेखक म्हणू. मुक्त कशापासून, हे पुढे पाहू. गाडीपासून तरी नक्कीच.

गाडीवरून एक हिशेब आठवला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४. डोंबिवलीच्या चाकरमान्याचे जाण्यायेण्यात रोज अडीच तास गेले असे धरा, आणि वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरा. ७५० तास झाले. घरी बसून लिहिणाऱ्याची पहिली कमाई ती हीच. रोज आठ तासांचा दिवस धरला, तर ही ९० दिवसांहून अधिक मजुरी झाली. फक्त एक गोष्ट घरच्यांनी मान्य केली पाहिजे, की हे तास त्याचे आहेत. अन्यथा "तू घरीच असतोस ना" या चार शब्दांच्या आधारावर गॅसचा सिलिंडर, शेजाऱ्यांचे पार्सल, पाण्याच्या टाकीवाला आणि आत्याचे डॉक्टर हे सारे त्या ७५० तासांवर हक्क सांगू लागतात. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुरुष लेखकांना तो आता आता येऊ लागला आहे, एवढेच.

या मातीत लेखक का उगवतात?

हा पट्टा लिहिणाऱ्यांचा आहे, आणि तो आजचा नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला पोचली आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याहून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघू लागले ते १८६६ साली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले, म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापेक्षाही पाच वर्षांनी थोरले. अखिल भारतीय साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० या तीन वर्षी भरले; २०१७ मध्ये ते डोंबिवलीत भरले.

वाचक जवळ, मुंबईची छापखानदारी आणि रंगभूमी गाडीने तास-सव्वा तासावर, आणि घर मात्र मुंबईपेक्षा स्वस्त. लेखकाला आणखी काय हवे? तथापि संमेलने भरणे वेगळे आणि डबा भरणे वेगळे. या गावांतल्या नामवंतांनी डबा कसा भरला, ते पाहणे अधिक उपयोगाचे.

शं. ना. नवरे यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. शन्ना २१ नोव्हेंबर १९२७ रोजी डोंबिवलीत जन्मले आणि २५ सप्टेंबर २०१३ रोजी डोंबिवलीतच गेले. सरकारी नोकरी आणि लेखन त्यांनी वर्षानुवर्षे बरोबर चालविले, आणि मग नोकरी सोडून लेखनाला पूर्ण वेळ दिला. आता त्यांनी काय काय लिहिले ते पाहा. कथा तर शेकड्यांनी. 'धुक्यात हरवली वाट', 'सूर राहू दे' ही नाटके. जयवंत दळवींच्या 'महानंदा' कादंबरीवरून 'गुंतता हृदय हे' हे नाटक. 'कळत नकळत' हा १९८९ चा चित्रपट. शिवाय कादंबऱ्या, स्तंभलेखन, दूरदर्शनवरचे लेखन. शन्नांची कथा साध्या मध्यमवर्गीय घरात घडते, हे समीक्षक सांगतात. पण त्या कथेचा कर्ता धंद्याच्या दृष्टीने किती शहाणा होता, हे कुणी फारसे सांगत नाही. कथेला मिळते ते मानधन एकदा मिळते. नाटकाचे प्रयोग होत राहतात. चित्रपट एका रकमेत देतो, पण मोठ्या. स्तंभ थोडे देतो, पण नेमाने देतो. एकाच प्रकारावर विसंबणारा लेखक एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानासारखा असतो.

त्याच डोंबिवलीत पु. भा. भावे राहत होते. कायद्याचे शिक्षण झालेला हा माणूस. नागपुरात त्यांनी 'आदेश' साप्ताहिक चालविले आणि पुढे मराठी नवकथेच्या चार प्रमुख कथाकारांत त्यांची गणना झाली. १९७७ च्या पुणे संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भावे हे कुणाच्या सोयीने लिहिणारे लेखक नव्हते. मुक्त लेखकाला गिऱ्हाइकाचे मन राखावे लागते असे जो तो सांगतो, त्याने भाव्यांचे लेख वाचावेत. अर्थात त्यांची प्रतिभा आणि त्यांचा बेडरपणा या दोन्ही गोष्टी बाजारात विकत मिळत नाहीत, म्हणून त्यांचा कित्ता गिरवा असे मी कुठल्याही तरुणाला सांगणार नाही. निदान घराचा हप्ता फिटेपर्यंत तरी नाही.

ठाण्याचे पी. सावळाराम म्हणजे तिसरे उदाहरण. वसंत प्रभूंचे संगीत, लता मंगेशकरांचा स्वर आणि सावळारामांचे शब्द या त्रयीने एका पिढीच्या सकाळी व्यापल्या होत्या. हा कवी ठाण्याचा नगराध्यक्षही झाला. गीतकार म्हणून त्यांचे नाव ठाऊक नसलेले मराठी घर त्या काळात विरळा. घरोघरी वाजणाऱ्या गीताचा कवीला किती मोबदला मिळतो, हा प्रश्न मात्र त्या काळी कुणाच्या मनात आला नसावा. ध्वनिमुद्रिकांच्या त्या दिवसांत गीतकाराने ठोक रक्कम घ्यावी आणि घरी जावे, अशीच बहुधा रीत होती. या प्रश्नाकडे पुढे यावयाचेच आहे, कारण माझ्या मते मुक्त लेखकाचे सारे बरेवाईट तिथेच ठरते.

याच जिल्ह्यातले आणखी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. अर्नाळा हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. त्या गावचे नाव लावणारे बाबूराव अर्नाळकर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेले. धनंजय आणि छोटू यांच्या मागे धावताना कित्येकांची परीक्षा बुडाली असेल! पण हजार पुस्तके लिहिणाऱ्या या माणसाचे गिरगावात चष्म्यांचे दुकान होते, ही गोष्ट भावी मुक्त लेखकाने उशाशी लिहून ठेवावी. मुंबईचे रत्नाकर मतकरी वीस वर्षे बँक ऑफ इंडियात होते; पूर्णवेळ लेखनासाठी त्यांनी १९७८ मध्ये नोकरी सोडली, तेव्हा नाटककार म्हणून त्यांचे नाव झालेले होते. नोकरीत असताना लेखनाची मुळे खोल जाऊ द्यावीत आणि मग कुंडी फोडावी, अशीच आपल्याकडची वहिवाट दिसते.

पुस्तकाचा हिशेब

आता पुस्तकाकडे वळू. कारण "पुस्तके लिहून पोट भरीन" अशी प्रत्येक नव्या लेखकाची पहिली कल्पना असते.

समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे आणि आवृत्ती एक हजार प्रतींची आहे. मराठीत ही चांगली आवृत्ती समजली जाते. हल्ली पुष्कळ प्रकाशक त्याहून कमीच प्रती काढतात. लेखकाला दहा टक्के स्वामित्वधन मिळाले, तर प्रतीमागे तीस रुपये झाले. सर्वच्या सर्व प्रती विकल्या गेल्या, तर तीस हजार. त्या खपायला दोन वर्षे लागली, तर वर्षाला पंधरा हजार, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. डोंबिवलीत तेवढ्यात महिन्याचे दूध आणि भाजीसुद्धा भागत नाही. पुस्तक कीर्ती देते, व्याख्यानाची निमंत्रणे देते, आणि पुढच्या कामासाठी ओळखपत्राचे काम करते. ओळखपत्र म्हणून त्याची किंमत मोठी आहे. पगार म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

दिवाळी अंकांचे गणितही असेच हंगामी आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला एक वार्षिक सुगी मिळवून दिली. पण सुगी शेतकऱ्याला जशी वर्षातून एकदा भेटते तशीच लेखकालाही. उन्हाळ्यात पत्रे येतात, आषाढ-श्रावणात मजकूर द्यायचा, आश्विनात अंक निघतो, आणि मानधन दिवाळीनंतर केव्हातरी. काही ठिकाणी मानधनाऐवजी अंकाची एक प्रत आणि संपादकांचे हार्दिक आभार मिळतात. ज्याला हे लेखन आवडते त्याने ते जरूर करावे. मीही करतो, हा लेख त्याचाच पुरावा. पण उरलेल्या अकरा महिन्यांचे काय?

ते अकरा महिने ज्या कामांवर चालतात त्यांची चर्चा साहित्य संमेलनात होत नाही. विमा कंपनीचे माहितीपत्रक मराठीत आणणे. बँकेच्या सूचना. कंपनीच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिका. इंग्रजी मालिकेच्या पडद्याखालच्या मराठी ओळी. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. निवृत्त उद्योजकाचे आत्मचरित्र, ज्यावर नाव त्यांचे आणि रात्रीचे जागरण तुमचे. डॉक्टरांच्या व्याख्यानाचा लेख करून देणे. १९९९ मध्ये पहिली खासगी मराठी वाहिनी आली, तेव्हापासून रोजच्या मालिकांचे संवाद हा एक मोठा कारखानाच उघडला आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याच्या बाजूला चित्रीकरणाच्या जागा झाल्या, त्यामुळे या पट्ट्यातल्या लेखकाला तो घराजवळ सापडला. संवादाचे पैसे भागाप्रमाणे मिळतात आणि वेळेवर मिळाले तर चांगले मिळतात. पण रात्री अकराला निरोप येतो की उद्याच्या प्रसंगातली सासू आजारी आहे, तेव्हा तिला परगावी पाठवा. सकाळी सातपर्यंत सासू परगावी गेलेली असली पाहिजे. ज्याला हे हसत करता येते त्यानेच त्या कारखान्याच्या दारात उभे राहावे. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आले आणि वाचण्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठीच लिहिलेल्या मराठी कथामालिकांना एक नवी वाट फुटली.

यांतले भाषांतराचे काम सर्वांत भरवशाचे मानले जात असे. सोयीसाठी शब्दाला एक रुपया दर धरू. मन लावून काम करणारा भाषांतरकार दिवसाला दोन हजार शब्द नीट करू शकतो. महिन्यात वीस दिवस काम मिळाले तर चाळीस हजार झाले. ऐकायला बरे वाटते. पण वीस दिवस काम मिळेलच असे नाही, आणि आता या भरवशाच्या कामातही एक नवा भागीदार येऊन बसला आहे. यंत्र भाषांतर करते आणि लेखकाला सांगितले जाते, "आम्ही केलेच आहे, तुम्ही फक्त नजर फिरवा." दर अर्थातच नजर फिरविण्याचा. यंत्राचे मराठी पूर्वीपेक्षा खूप सुधारले आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरी 'प्रीमियम' म्हणजे इथे विम्याचा हप्ता की उंची माल, 'आपण' म्हणावे की 'तुम्ही', कल्याणच्या आजीला ही सूचना कळेल की ती घाबरून बँकेत धावत जाईल, हे ठरवायला माणूस लागतो. अशी 'नजर' फिरवायला कित्येकदा नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागतो. म्हणून अनुभवी मंडळी अशा कामाचा दर शब्दांवर न ठेवता तासांवर ठेवतात. निदान दोन पानांचा नमुना पाहिल्यावाचून होकार देऊ नये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला, पेढे वाटले. भाषांतराचा दर मात्र होता तिथेच आहे.

सही करण्यापूर्वी

आता मघाचा तो प्रश्न. मराठी लेखकाला शुद्धलेखनाची जेवढी धास्ती असते तेवढी करारपत्राची नसते. खरे तर उलट असावयास हवे. शुद्धलेखन मुद्रितशोधक तपासतो. करारपत्र दुसरे कुणी तपासत नाही.

आपल्या देशाचा लेखनहक्काचा कायदा १९५७ चा आहे, आणि तो लेखकाला वाटतो त्याहून बराच लेखकाच्या बाजूचा आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे मालकाचा असतो. पण मुक्त लेखकाने लिहिलेल्या कथा-लेखाचा पहिला मालक तो स्वतः असतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद आणि त्यावर सही लागते. नुसत्या बोलण्याने तो जात नाही. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. आणि ज्याने हक्क घेतला त्याने एका वर्षात त्याचा उपयोगच केला नाही, तर कागदात वेगळे काही म्हटलेले नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो. किती लेखकांना हे ठाऊक आहे? "सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे" हे पाच शब्द छापील कागदावर असतात, आणि "सगळेच सही करतात हो" असे म्हणून पेन पुढे केले जाते. त्या क्षणी पेन बाजूला ठेवून "मासिकात एकदा छापण्यापुरता हक्क देतो" एवढे म्हणण्याचे धैर्य ज्याला होईल, त्याची तीच कथा पुढे पुस्तकात, आकाशवाणीवर, ध्वनिपुस्तकात आणि दैव उघडले तर पडद्यावर जाऊ शकते. मघाशी शन्नांच्या अनेक प्रकारांविषयी लिहिले, त्या चतुराईला कायद्याची ही बाजू आहे. हक्क हातात असेल तरच एका कथेचे चार व्यवसाय होतात.

चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांच्या लेखनाची कथा अधिक दुःखाची होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता ठरतो, वेगळा करार नसेल तर. निर्मात्याच्या पुढे नवा लेखक कसला वेगळा करार करतो! पस्तीस वर्षे हे असेच चालले. २०१२ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तरांनी आवाज उठविला होता. आता चित्रपटातील लेखन आणि संगीत चित्रपटगृहाबाहेर ज्या ज्या रीतीने वापरले जाईल, त्या वापराच्या स्वामित्वधनात लेखकाचा समान वाटा आहे, आणि हा वाटा त्याने सही करून सोडून दिला तरी कायद्याने तो सुटत नाही. वारसांना किंवा हक्कसंस्थेलाच तो देता येतो. सावळारामांच्या पिढीला ही दुरुस्ती पाहायला मिळाली नाही. ते २१ डिसेंबर १९९७ रोजी गेले.

हक्क झाले, पण हातात पैसे? मोठ्या संस्था मानधनातून बहुधा दहा टक्के कर कापून मगच पैसे देतात. ते दहा टक्के बुडाले असे समजून कित्येकजण स्वस्थ बसतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. विवरणपत्राचा आणखी एक उपयोग असा, की घराच्या कर्जासाठी बँकेत गेलात तर पगाराची पावती नसलेल्या माणसाकडे बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रेच मागते. जीएसटीची धास्ती मात्र घेऊ नये. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेल्याशिवाय लेखकाला नोंदणीची गरज सहसा पडत नाही. आणि गेलीच, तर शेजारीपाजारी पेढे वाटावेत.

थकलेल्या मानधनावर एक औषध आहे, ते फारसे कुणी घेत नाही. लहान उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. लेखकाने आपल्या व्यवसायाची 'उद्यम' नोंदणी केली, आणि ती विनामूल्य होते, तर काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन कंपनीवर येते. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढीने. प्रत्यक्ष भांडायला जावे लागत नाही. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक छापलेला असला, की हिशेबखात्यातल्या माणसाची बोलण्याची रीत जरा बदलते. बिल! हा शब्द ऐकून आपले पुष्कळ लेखक अवघडतात. "मी कसे मागू?" ज्या दिवशी काम पाठविले त्याच दिवशी बिल पाठवावे. वाणी सामानाबरोबरच यादी देतो. आठवड्यानंतर आठवण म्हणून देत नाही.

नोकरी कधी सोडावी?

बैठकीतल्या त्या गृहस्थाला उत्तर द्यायचे तर ते हिशेबानेच द्यावे लागेल. माझे मत असे. घरातला एक पगार चालू असावा, मग तो नवऱ्याचा असो वा बायकोचा. त्यात कमीपणा कसला? तो नसेल तर वर्षाचा घरखर्च बाजूला काढलेला असावा. काम देणारी निदान तीन ठिकाणे असावीत आणि त्यांतले एकही निम्म्याहून अधिक उत्पन्न देणारे नसावे, नाहीतर तीही नोकरीच, फक्त रजा आणि भविष्यनिर्वाह निधी नसलेली. आजारपणाचा विमा स्वतः काढावा लागतो, हे तर लेखक हमखास विसरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकाच ठिकाणाहून दुसऱ्यांदा आपणहून काम आलेले असावे. पहिले काम ओळखीने, शिफारशीने, कधी दयेनेही मिळते. दुसरे काम मिळते ते पहिल्या कामामुळे. ज्याला दुसऱ्यांदा कुणी बोलावले नाही त्याने आपली गाडी आणि आपला डबा सोडू नये.

आणि स्वतःचे लेखन? माहितीपत्रके करता करता कथा मरते, ही तक्रार खरी आहे. पण नोकरीतही ती मरतच असते. तिथे ती गर्दीत चेंगरून मरते आणि इथे दुपारच्या झोपेत. मला दिसते ते असे, की मुक्त लेखकांत स्वतःची पुस्तके लिहून झालेले ते असतात, ज्यांनी पहाटेचे दोन तास कुणाला विकलेले नसतात. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पहाट हीच एक वेगळी खोली मिळते.

नवराबायको दोघांनी मिळून एक फाइल मात्र करावी. कोणत्या लेखनाचा कोणता हक्क, कुणाला, किती वर्षांसाठी दिला, एवढेच त्यात असावे. लेखकाच्या पश्चात साठ वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो, आणि ती साठ वर्षे त्याच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. हक्क लेखकाने स्वतःकडे राखला असेल, तर भाव्यांसारख्या १९८० मध्ये गेलेल्या लेखकाच्या घरी तो २०४० च्या अखेरपर्यंत चालतो, सावळारामांच्या वर्षी गेलेल्या कवीच्या घरी २०५७ च्या, आणि शन्नांच्या वर्षी गेलेल्या लेखकाच्या घरी २०७३ च्या अखेरपर्यंत. तोपर्यंत त्या घरात नातवंडांची लग्ने होऊन गेलेली असतील, आणि एखाद्या बैठकीत पणजोबा काय करीत, असे कुणी विचारीलही.